पाकिटाची पाठ

वेष्टनाच्या फसवणुकीचे वैशिष्ट्य असे की तीत कोणी खोटे बोलत नाही. काटा मारणारा जुना दुकानदार पारड्याखाली चिंच चिकटवी, आणि पकडला गेला की निदान ओशाळत तरी असे. हल्लीच्या पाकिटावर छापलेले बहुतेक सगळे खरे असते. ते कुठे छापावे, केवढ्या अक्षरात छापावे आणि शेजारी कोणते चित्र काढावे, याचा अभ्यास करायला कंपनीने गलेलठ्ठ पगाराची माणसे ठेवलेली असतात. तो अभ्यास ओळखून काढायला ग्राहकाजवळ असते अर्धे मिनिट, आणि तेही मागचे गिऱ्हाईक कोपर मारत असताना.

प्रत्येक पाकिटाला दोन बाजू असतात. ढोबळमानाने दर्शनी बाजू कंपनीची आणि पाठीमागची सरकारची. पुढे रसाळ आंबा, गुबगुबीत मूल, वाफाळता कप आणि सूर्योदय. मागे निव्वळ वजन, घटक, कमाल किरकोळ किंमत, बनवल्याची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता. ही मागची बाजू कंपनीने हौसेने छापलेली नाही. १९७६ च्या वजनमापे कायद्याखाली १९७७ साली पॅकबंद वस्तूंचे नियम झाले. सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती १९९० साली आली. आज २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे नियम लागू आहेत. या साऱ्या खटाटोपाचे फळ पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत उभे असते, आणि ते वाचण्याचा प्रघात मात्र अजून पडलेला नाही.

भाषेचीही एक गंमत आहे. सक्तीचा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, एवढेच नियम सांगतो. दुसरी भाषा वापरायची तर ती जास्तीची. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या दुकानात टांगलेल्या पाकिटावर पुढे ‘आईच्या हातची चव’ अस्सल मराठीत लिहिलेली असते आणि मागे त्या चवीत नेमके काय घातले आहे ते इंग्रजीत. आईच्या हाताला इंग्रजी येते असा कंपनीचा समज असावा.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी युक्ती वजनाची. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक बोंब मारते. वजन घटवले तर ते तीच किंमत देऊन समाधानाने घरी जाते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो, याचे लोकांना केवढे कौतुक! पुडा मात्र दर दोन-चार वर्षांनी थोडा अंग चोरतो. आधी बिस्किटाची जाडी जाते, मग एखादे बिस्किट जाते, आणि पुड्याची लांबी शक्य तितका काळ तशीच ठेवली जाते. साबणाच्या वडीला मधोमध खळगा पडतो आणि त्याला ‘हातात नीट बसणारा आकार’ म्हणतात. तेलाच्या बाटलीचा तळ आत वळतो. क्रीमच्या डबीला दुहेरी भिंत येते. बाहेरून पाहावे तर वाटी, आतून पाहावे तर बुचकुली. वेफर्सच्या पाकिटातल्या हवेबद्दल मात्र कंपनीची बाजू थोडी खरी आहे. तो नायट्रोजन असतो, त्याने तेल खवट होत नाही आणि वेफर्सचा चुरा होत नाही. तो किती भरावा याचे उत्तर वेफर्सना विचारले तर एक येईल आणि हिशेबनिसाला विचारले तर दुसरे.

बिस्किटांच्या बाबतीत तमिळनाडूतील तिरुवल्लूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२३ साली दिलेला निकाल प्रत्येक किराणा दुकानात चौकटीत लावण्याजोगा आहे. पुड्यावर सोळा बिस्किटे लिहिलेली, आत पंधरा. तक्रारदाराने एका बिस्किटाची किंमत ७५ पैसे धरली आणि कंपनीच्या रोजच्या पुड्यांनी गुणून गळती रोजची २९ लाख रुपयांवर नेली. कंपनीचे म्हणणे असे की बिस्किटे वजनावर विकली जातात, संख्येवर नाही. पुड्यावर ७६ ग्रॅम लिहिले आहेत ते पाहा. आयोगाने पाहिले. पुडे ७४ ग्रॅम भरले. कंपनीने एक लाख रुपये भरपाई आणि वर खटल्याचा खर्च द्यावा, असा आदेश झाला. एका बिस्किटासाठी कोर्टाची पायरी चढणारा माणूस गावात हेकट ठरतो, पण वजन कमी भरणाऱ्याला जरब बसते ती अशाच हेकट माणसांमुळे.

तेलाचा प्रकार याहून शास्त्रशुद्ध आहे. यवतमाळ जिल्हा सोयाबीन आणि कापूस पिकवतो, सोयाबीन आणि सरकी बाहेर धाडतो आणि त्यांचेच तेल पाकिटात घालून परत विकत घेतो. तेल हे लिटरवर मोजले जाते, आणि तापले की फुगते. या साध्या नियमाचा उपयोग कंपन्यांनी असा केला की पाकिटावर ‘एक लिटर’ लिहायचे आणि बारीक अक्षरांत ते कोणत्या तापमानाला एक लिटर भरते ते लिहायचे. काहींनी तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेले. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. म्हणजे थर्मामीटर वर चढवला की लिटरमागे २६ ग्रॅम तेल वाचते, आणि कायद्याच्या भाषेत सगळे सरळ राहते. मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५ वर गेला की माणसे दारेखिडक्या लावून पडून राहतात. साठ अंशांचा उन्हाळा विदर्भाने अजून पाहिलेला नाही; तो फक्त तेलाच्या पाकिटावर येऊन गेला. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने सांगितले की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरबरोबर वजनही लिहा, आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

तोवर दुसरी वाट मोकळी झाली होती. चहा, बिस्किटे, तेल, साबण अशा काही वस्तू पूर्वी ठरलेल्या मापांतच विकाव्या लागत. ती मापांची यादी नोव्हेंबर २०२१ मध्ये निघालेल्या दुरुस्तीने रद्द केली. तेव्हापासून तेलाचे पाकीट ९१० ग्रॅमचे, ८७० चे, ८५० चे, ८०० चे, अगदी ७५० ग्रॅमचेही असते. अंगाने सगळी सारखी, फळीवर शेजारी शेजारी. बाईने ‘एक तेलाचं पाकीट द्या’ म्हटले की दुकानदार एक पाकीट देतो, आणि त्यात त्याचे काहीच चुकलेले नसते.

या मोकळिकीवर उतारा म्हणून त्याच दुरुस्तीने एकक किंमत छापण्याची सक्ती केली. एक किलोच्या आतल्या वस्तूला ग्रॅमला किती, वरच्या वस्तूला किलोला किती, ते पाकिटावर लिहायचे. कल्पना उत्तम, अडचण एवढीच की आकडा रुपयांत आणि दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत. समजा ८५० ग्रॅमचे पाकीट १३६ रुपयांना आहे आणि ९१० ग्रॅमचे १४२ रुपयांना. पहिल्याचा ग्रॅमचा भाव निघतो ०.१६ रुपये. दुसऱ्याचा निघतो ०.१५६, आणि दोन स्थळांपर्यंत आणला की तोही ०.१६. छापील आकडा पाहणारा म्हणेल दोन्ही सारखे. किलोवर हिशेब केला तर एक १६० रुपयांना पडते आणि दुसरे १५६ ला. महिन्याला पाच किलो तेल लागणाऱ्या घराचे यात वीस रुपये जातात. म्हणून किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, एवढा हिशेब मोबाइलवर दुकानातच करावा. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्यावे.

वजन घटवण्याच्या इतिहासात एक उदाहरण प्रामाणिकपणाचेही आहे, आणि ते चक्क सरकारचे. युरियाची बॅग २०१८ साली ५० किलोंवरून ४५ किलोंवर आली. हेतू असा की शेतकरी युरिया किलोवर न मोजता एकरी एवढ्या बॅगा असा टाकतो. तेव्हा बॅगच लहान केली की जमिनीत युरिया कमी पडेल. बिस्किटवाल्यांनी पैसे कमावायला वापरलेला मनुष्यस्वभाव सरकारने जमीन वाचवायला वापरला. फरक असा की किंमतही त्याच प्रमाणात उतरवली: मूळ किंमत २६८ रुपये होती ती २४२ झाली, कर आणि निंबोळीच्या लेपाचा खर्च वेगळा. वजन घटल्यावर किंमतही उतरण्याचा हा प्रकार इतका विरळा की शेतकऱ्यांना त्यातही काहीतरी काळेबेरे वाटले असल्यास नवल नाही.

वजनानंतर शब्द. शब्दांच्या प्रांतात कंपनीचा वकील आणि कंपनीचा कवी एकाच टेबलावर बसतात. ‘आइस्क्रीम’ म्हणायचे तर दुधाचे स्निग्धांश किमान दहा टक्के लागतात. वनस्पती तेलावर भागवायचे तर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावे लागते. लग्नाच्या पंगतीत शेवटी कपातून येते त्याला सगळा मांडव आइस्क्रीमच म्हणतो, पण कपावर वेगळेच लिहिलेले असू शकते. आंब्याचे चित्र असलेल्या ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये फळाचा अंश दहा टक्के असला तरी कायद्याचे समाधान होते, उरलेल्या नव्वद टक्क्यांचे चित्र काढायला कोणी चित्रकार तयार होत नाही. ‘शंभर टक्के फळांचा रस’ हे शब्द, पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसावरूनही काढून टाका, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये सांगावे लागले. ब्राउन ब्रेडचा तपकिरी रंग गव्हाच्या कोंड्याचा असेलच असे नाही, जाळलेल्या साखरेचाही असतो. घटकांच्या यादीचा नियम असा आहे की जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. म्हणजे पुढे बदाम-केशर आणि मागे यादीच्या आरंभी साखर, मैदा, पामतेल असेल, तर ते साखर-मैद्याचेच बिस्किट आहे. बदाम यादीत शेपटाकडे, ‘कृत्रिम स्वाद’ या शब्दांच्या सोबतीला बसलेला सापडतो.

साबणाचा मामला बहुतेकांना ठाऊक नसतो. अंगाच्या साबणात एकूण स्निग्ध पदार्थ, म्हणजे टीएफएम, किती त्यावरून त्याची प्रत ठरते: पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. याच्या खाली ‘बेदिंग बार’ नावाचा वेगळा वर्ग आहे, त्याला ४० टक्केही चालतात. पुढच्या बाजूला नटी एकच हास्य करते, वडी ७६ ची असो की ४० ची. वडी न्हाणीघरात पडल्या पडल्या लगदा का होते, या घरोघरच्या भांडणाचे उत्तर वेष्टनाच्या पाठीवर असते. पण तोवर वेष्टन चुलीत गेलेले असते आणि दोष साबण पाण्यात ठेवणाऱ्या सुनेवर गेलेला असतो.

शब्दांनी गोंधळ घालावा तर तो खोबरेल तेलाने. निळ्या बाटलीतले हे तेल महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या डोक्याला लावतो. बाटलीवर मात्र शाकाहारी खाद्यवस्तूचा हिरवा ठिपका असतो आणि केसांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. कारण कराचे: खाद्यतेलाला पाच टक्के जीएसटी होता, केसांच्या तेलाला अठरा. लहान बाटलीतले खोबरेल म्हणजे खायचे की लावायचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही, खाद्यतेलच राहते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलाचा करही पाच टक्क्यांवर आला आणि वादातली गंमत गेली. इथे ग्राहकाचे नुकसान काहीच झाले नाही, उलट तेल स्वस्त पडले. वेष्टनाने फसवायचेच तर कधीकधी करखात्यालाही धरता येते, एवढे यातून दिसते. खात्याचे म्हणणे निदान तसेच होते.

नकली मालाची जागा आठवडी बाजार. घाटंजी, आर्णी, मारेगावच्या बाजारात खाली अंथरलेल्या पोत्यावर सगळी नामवंत मंडळी हजर असतात, फक्त नावात एखादा काना इकडचा तिकडे झालेला असतो. रंग तोच, अक्षराचे वळण तेच, कोपऱ्यातले मूलही तेच, जरा रोडावलेले. नकली वेष्टन करणाऱ्याला माहीत असते की गिऱ्हाईक नाव वाचत नाही, रंग ओळखते. ‘निळी बाटली द्या’, ‘लाल साबण द्या’, ‘पिवळा पुडा द्या’ असे मागणाऱ्याला निळे, लाल, पिवळेच मिळते. शंका आलीच तर संवाद ठरलेला असतो. “भाऊ, हे तेच होय ना?” “तेच हाय ना माय, फक्त पाकीट बदललं.” पाकीट बदललेले नसते. तेवढेच तर सारखे असते.

आतापर्यंतच्या फसवणुकीत फार तर पाच-पंचवीस रुपये जातात. यवतमाळच्या माणसाचे वर्ष घालवणारे पाकीट वेगळे आहे, आणि ते किराणा दुकानात मिळत नाही. ते कृषी केंद्रात मिळते, मे-जूनमध्ये, आणि त्यात ४७५ ग्रॅम कापसाचे बियाणे असते. याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते: बोलगार्ड-२, म्हणजे बीजी-२, वाणाच्या पाकिटाला २०२३-२४ मध्ये ८५३ रुपये, पुढच्या हंगामात ८६४ आणि २०२५-२६ मध्ये ९०१. सगळ्यांची किंमत सारखी म्हटल्यावर कंपन्यांना चढाओढ करायला दोनच मैदाने उरतात, नाव आणि चित्र. नावे पाहावीत: ‘जादू’, ‘मनी मेकर’, ‘कबड्डी’. हे खरेखुरे विकले जाणारे वाण आहेत आणि त्यांत बेकायदा काही नाही. फक्त कोरडवाहू शेतीचे इतके नेमके वर्णन बियाणेवाल्यांनी केले असेल असे वाटत नाही. चित्रातल्या पऱ्हाटीला खालपासून शेंड्यापर्यंत बोंडे लगडलेली असतात, पाने हिरवीगार असतात, आणि शेजारी उभ्या शेतकऱ्याच्या अंगावर परीटघडीचा सदरा असतो. त्या चित्रात गुलाबी बोंडअळी नसते, रोही नसतो, आणि सप्टेंबरातला पावसाचा तो वीस दिवसांचा खंडही नसतो.

बियाण्याच्या पिशवीला लावलेल्या लेबलाचा रंग हे खरे वाचण्याजोगे कलम. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि सत्यप्रतला हिरवट. निळे लेबल म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेत पाहिले, नमुना तपासला. हिरवे लेबल म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितले की माल चांगला आहे. या स्वतःच स्वतःला दिलेल्या दाखल्याचे सरकारी नाव ‘सत्यप्रत’. संकरित कापसाचे बाजारातले बियाणे बहुतेक याच वर्गातले असते, आणि चांगल्या कंपन्यांचे ते चांगलेही निघते. कापसाला किमान ७५ टक्के आणि सोयाबीनला ७० टक्के उगवणशक्ती हवी, असे मानक आहे. लेबलवर तो आकडा, लॉट नंबर आणि तपासणीची तारीख असते. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी उगवून पाहिले की आकड्याची परीक्षा चार-सहा दिवसांत होते. कृषी विभाग हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पाऊस पडला की लोक तडक तिफण जुंपतात.

बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये. पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाची वेगळी पुडी येई. ती धुऱ्याच्या कडेने लावायची, म्हणजे अळीला बीटीची सवय लागत नाही, अशी योजना होती. सूचना पुडीवर छापलेली होती. शेतकऱ्याला वाटले की ही वरची भेट आहे, आणि अळीला पोसायला आपली जमीन का द्यावी. म्हणून पुडी बहुधा उकिरड्यावर गेली. पुढे साधे बियाणे पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आणली तेव्हा पुडीचा प्रश्न सुटला, पण त्याआधी २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात हिशेब चुकता केला होता. पाकिटावरची सूचना खरी असूनही उपयोगी पडली नाही याचे हे मोठे उदाहरण. दोष निम्मा छापणाऱ्याचा: मूठभर लोकांनाच वाचता यावी, अशा अक्षरांत ती छापली होती.

‘चोर बीटी’ हा प्रकार तर वेष्टनाचा कळस. तणनाशक सोसणाऱ्या या एचटीबीटी कापसाला सरकारची परवानगी नाही. तरी तो येतो, रात्रीचा येतो, आणि तोही पाकिटातून येतो! त्यावर चकचकीत चित्र असते, भारदस्त इंग्रजी नाव असते, कधी कंपनीचाही पत्ता असतो. त्या पत्त्यावर जाऊन पाहण्याचा योग कोणाला येत नाही. शेतकरी संघटनेने जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे हा कापूस उघडपणे पेरून आंदोलन केले. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, हे त्यांचे म्हणणे वादाचे असले तरी लपवाछपवीचे नव्हते. लपवाछपवी पाकीटवाल्याची. तो पावती देत नाही, आणि त्यामुळे आत एचटीबीटी आहे, साधी सरकी आहे की गेल्या वर्षीचा उरलेला माल रंगवलेला आहे, याचा जाब विचारायला जागा राहत नाही. चोरीचा माल खात्रीचा असतो, या एका श्रद्धेवर हा धंदा चालतो.

कीटकनाशकाच्या डब्यापाशी थट्टा आवरती घ्यावी लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो माणसे दवाखान्यात पडली. प्रत्येक डब्यावर चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या निम्म्या भागाला रंग असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य म्हणजे विष नव्हे असा अर्थ नाही. हिरव्याचा अर्थ ‘कमी विषारी’ एवढाच. एरवी खाण्याच्या वस्तूवर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि निर्धास्त, अशी सवय लागलेल्या डोळ्यांना हा फरक कोणीतरी सांगावा लागतो, आणि फवारणारा मजूर रोजंदारीवर आलेला असतो. डबा त्याच्या हाती येतो तेव्हा झाकण आधीच उघडलेले असते. डब्यासोबतचे माहितीपत्रक अनेक भाषांत, अनेक घड्यांत आणि अत्यंत बारीक टाइपात असते. ते दुकानातच उलगडून घ्यावे, मराठी मजकूर दुकानदाराकडून वाचवून घ्यावा, मात्रा आणि विषबाधेवरचा उपाय डब्यावर खडूने लिहून घ्यावा. कपाशीच्या वाढीसाठी म्हणून वर खपवली जाणारी ‘टॉनिके’ वेगळीच. त्यांच्यावर वर्षानुवर्षे कोणाचेच बंधन नव्हते. २०२१ मध्ये जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली. ‘टॉनिक’च्या बाटलीवर नोंदणीचा क्रमांक नसेल तर ती बाटली दुकानदाराच्या फायद्याचे टॉनिक आहे.

फसू नये म्हणून करायच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. पाकीट हातात घेतले की आधी उलटे करावे. निव्वळ वजन पाहावे, घटकांतले पहिले तीन पाहावेत, तारीख पाहावी. तारीख ‘पाकिटाच्या वरच्या कडेला पाहा’ असे लिहिलेले असते, वरच्या कडेला ‘तळाशी पाहा’ असे, आणि तळाशी ठिपक्यांच्या शाईत असे काही असते की बोट फिरवले की पुसते. पुसली गेलेली तारीख म्हणजे संपलेली तारीख, असे समजून पाकीट परत ठेवावे. ‘२० टक्के जादा मोफत’ दिसले तर जादा धरून वजन किती होते ते पाहावे; पुष्कळदा जादा मिळून ते गेल्या वर्षीच्या वजनाएवढे होते. छापील किमतीच्या वर ‘थंड करण्याचे’ पैसे मागणे बेकायदा आहे, बसस्थानकावर असो की सिनेमागृहात. नावाची अक्षरे एकेक करून वाचावीत, आणि मागताना रंग सांगू नये.

बियाणे, खते आणि औषधांची पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये. पावतीवर वाणाचे नाव आणि लॉट नंबर असावा. ‘बियाणे २ नग’ एवढ्यावर भागवू नये. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचे लेबल शाबूत राहते. पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपावे. उगवले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, तीही शेत नांगरून टाकण्याआधी, कारण तक्रार निवारण समितीला येऊन पाहायला काहीतरी शिल्लक लागते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले. प्रयोगशाळेत तपासायला तेच बियाणे आणा, हा कंपन्यांचा जुना बचावही तिथे लंगडा पडला: शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरतो, खटल्यासाठी वेगळे काढून ठेवत नाही, हे न्यायालयाला समजले.

किराण्याच्या वजनाबद्दलची तक्रार वैधमापन निरीक्षकाकडे, ज्याला गावात अजून ‘वजनमापेवाला साहेब’ म्हणतात. फसव्या आकाराचे वेष्टन दुरुस्त करून पुन्हा बांधायला लावण्याची, नाहीतर जप्त करण्याची तरतूद नियमांत आहे. तिचा उपयोग करा असे कोणी मागितल्याचे क्वचितच ऐकू येते. ग्राहक चळवळीचे मोठे काम मराठी मुलखातच झाले. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ साली सुरू केली, देशात ग्राहक संरक्षण कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी. आताचा कायदा २०१९ चा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि ती मराठीतही बोलते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला एक रुपयाही शुल्क पडत नाही. पावती मात्र जोडावी लागते.